इंद्रधनुष्य नंतर लावा, आधी फोन कोण उचलतं ते बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे. यवतमाळ जिल्ह्यातली एक लहान संस्था. शेतकरी बायकांचे बचत गट, किशोरवयीन मुलामुलींचे गट, एक वाचनालय आणि समुपदेशनासाठी एक मोबाईल नंबर, एवढा पसारा. वेबसाइट नव्याने करायची आहे आणि ती एलजीबीटीक्यू, म्हणजे समलिंगी, ट्रान्स वगैरे, लोकांनाही आपली वाटावी, अशी इच्छा आहे. त्यासाठी अभ्यास कुठून सुरू करायचा, विचारायचं कोणाला, आणि 'आपल्या भागात असे लोक आहेत तरी का' या विश्वस्तांच्या प्रश्नाला काय उत्तर द्यायचं?

मी वर्ध्याला राहते. सोळा वर्षं विदर्भातल्या लहान संस्थांच्या साइटी, फॉर्म आणि हेल्पलाइनची कामं करते आहे. उत्तर लांब होणार आहे, चहा घेऊन बसा.

विश्वस्तांचं आधी निपटवू. 'आपल्याकडे असं काही नाही जी', हे वाक्य मी इतक्या बैठकांत ऐकलंय की आता कोण म्हणणार तेही खुर्च्यांवरून ओळखता येतं. पूर्व विदर्भातल्या एका बैठकीत हे म्हणणारे काका दिवाळीनंतर रात्रभर दंडार, म्हणजे गावातलं लोकनाट्य, बघायला बसणारे होते. लुगडं नेसून नाचणाऱ्या पुरुषाला त्यांनी स्वतः बक्षीस दिलेलं. बाईचं सोंग घेणारा प्रत्येक जण समलिंगी किंवा ट्रान्स (जन्मावेळी नोंदलेल्या लिंगाहून वेगळी ओळख असलेला) असतो, असं अजिबात नाही. पण गावाने वेगळेपण कधी पाहिलंच नाही, हेही खरं नाही. मंचावर चालतं, घरात चालत नाही, इतकंच.

मग आकडा मागतात. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात ४०,८९१ लोकांची नोंद 'इतर' अशी झाली. हा आकडा बैठकीत सांगा, पण त्याच्यावर घर बांधू नका. घराच्या दारात उभ्या प्रगणकाला कुटुंबप्रमुखाने जे सांगितलं ते त्यात आलं. समलिंगी माणसं तर त्या रकान्यात येतच नाहीत. 'तालुक्यात किती आहेत' याचं उत्तर शोधायला गावोगाव सर्वेक्षण करू, असं कोणी सुचवलं तर तिथेच थांबवा. ज्याने आजवर आईलाही सांगितलं नाही तो तुमच्या कार्यकर्त्याच्या वहीत कशाला लिहून देईल? आणि दिलंच, तर ती वही कुठे राहणार?

वहीवरून माझीच चूक सांगते. बऱ्याच वर्षांपूर्वी तालुक्याच्या ठिकाणी एका संस्थेचं युवा शिबिर होतं, नोंदणीचा फॉर्म मी केला होता. 'पुरुष, स्त्री, इतर' असे तीन पर्याय दिले आणि मोठं पुरोगामी काम केल्याच्या आनंदात राहिले. शिबिराच्या सकाळी कोणीतरी नोंदणीची यादी छापली, सगळ्या रकान्यांसकट, आणि सभागृहाच्या दाराला चिकटपट्टीने लावली. पहिल्या एसटीने आलेली एक तरुण व्यक्ती त्या यादीवरून बोट फिरवत खाली आली. नाव सापडलं. बोट आडवं सरकलं आणि 'इतर'वर थांबलं. मागे त्याच गावची दोन पोरं आपली नावं शोधत उभी होती. 'पाणी पिऊन येऊ का?' असं मला विचारून ती व्यक्ती गेली ती परत आली नाही. चहाचा कप खिडकीत तसाच राहिला. यादी मी काढली, पण तोवर अर्ध्या सभागृहाने वाचली होती.

म्हणून तुमच्या अभ्यासाची पहिली पायरी लोकांना भेटणं नाही. तुमच्याकडे आलेली माहिती कुठून कुठे जाते, हे एका कागदावर काढा. फॉर्म भरला की उत्तरं कुठल्या शीटमध्ये पडतात? ती शीट किती जणांना उघडते? मी पाहिलेल्या एका संस्थेत अकरा जणांना उघडत होती, त्यातले चार काम सोडून गेलेले. गूगल फॉर्ममध्ये ईमेल गोळा करण्याचा पर्याय चालू आहे का? नोंदणी झाल्यावर मेसेज जातो का, आणि त्यात काय लिहिलेलं असतं? एका ठिकाणी 'तुमच्या समुपदेशनाची वेळ गुरुवारी ११ वाजता' असा मेसेज गेला तो मुलीच्या भावाच्या फोनवर, कारण घरात रिचार्ज मारलेला फोन तो एकच. नंतर ती म्हणाली, 'मॅडम, मेसेज तुम्ही मले पाठवला, पण वाचला सगळ्या घरानं.' त्या गुरुवारी ती आली नाही, हे वेगळं सांगायला नको.

आपल्या भागात फोन एका माणसाचा नसतो. शहरातले डिझायनर हे विसरतात आणि त्यांनी दिलेले सल्ले आपण तसेच उचलतो. उदाहरणार्थ 'झटपट बाहेर' बटण. ते लावा, चांगलंच आहे. दाबलं की हवामानाचं पान उघडावं. पण ते बटण ब्राउझरचा इतिहास पुसत नाही, त्याआधी बघितलेली पानं तिथेच असतात. म्हणून बटणाशेजारी दोन ओळींत सांगा की इनकॉग्निटो, म्हणजे इतिहास न ठेवणारी खिडकी, कशी उघडायची आणि इतिहास कसा पुसायचा. आणखी एक. मदतीच्या पानाचं शीर्षक आणि वेबपत्ता साधा ठेवा, 'मन आणि नाती' असं काहीतरी. तीच लिंक व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवली की शीर्षक आणि चित्र आपोआप दिसतं. तिथे सातरंगी झेंडा आला तर पाठवणाऱ्याची पंचाईत. पण मग शोधणाऱ्याला पान सापडणार कसं? मजकुरात शब्द असू द्या, शीर्षकात नको. संस्थेचं धोरण मात्र वेगळ्या पानावर, ठळक शीर्षकाने, उघडपणे लिहा. ते पान संस्थेची ओळख आहे, त्यात लपवण्यासारखं काही नाही. मदत घेणाऱ्याची ओळख लपली पाहिजे, मदत देणाऱ्याची नाही.

फेसबुकच्या जाहिरातीसाठीचा कोड साइटवर असेल तर मदतीच्या पानांवरून काढून टाका. उद्या त्याच फोनवर बाबांना त्याच विषयाची जाहिरात दिसायला नको. ध्वनिफिती ठेवायच्या असतील तर आपोआप वाजू देऊ नका. वऱ्हाडीत, गोंडीत, कोलामीत बोललेली माहिती फार उपयोगी पडते, मी स्वतः आग्रह धरते, पण एका खोलीच्या घरात आवाज म्हणजे जाहीर सभा. खाली लिखित मजकूर हवाच. आणि पान हलकं असावं. रेंज एका टोकाला असलेल्या गावात मोठ्या फोटोंचं पान उघडेपर्यंत मागे कोणीतरी येऊन उभं राहतं.

आता भाषा. यात मी जरा रेंगाळणार आहे, कारण इंग्रजीतल्या मार्गदर्शिका इथे निरुपयोगी आहेत.

फॉर्मवर 'लिंग' असं लिहिलेलं असतं. मराठीत या एका शब्दाला व्याकरण, शरीर आणि समाजातली ओळख असा तिहेरी भार वाहावा लागतो. अभ्यासक 'लिंगभाव' म्हणतात. शब्द चांगला आहे, पण बचत गटातल्या बाईला तो कळेलच असं नाही. माझा सल्ला साधा: गरज नसेल तिथे विचारूच नका. वाचनालयाच्या सभासदत्वाला कशाला हवं? देणगीदाराला अहवालात आकडे लागतात, तेव्हा विचारा, पण का विचारतोय ते लिहा, 'सांगायचं नाही' हा पर्याय द्या आणि स्वतःच्या शब्दांत लिहायला एक रिकामी जागा ठेवा. त्याहून महत्त्वाचा रकाना मी अलीकडे सगळीकडे घालते: 'तुम्हाला काय म्हणून हाक मारू?' कागदावरचं नाव वेगळं असणाऱ्या ट्रान्स व्यक्तीला तो लागतोच, पण 'पिंकी' म्हणूनच सगळ्या गावाला माहीत असलेल्या आजीलाही आवडतो. 'श्री., सौ., कु.' ही यादी सरळ काढून टाका. 'वडिलांचे किंवा पतीचे नाव' हा रकानाही तपासा. घरातून बाहेर काढलेल्या पोराला तिथे अडायला होतं, आणि टाकलेल्या बाईलाही. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या बाळांच्या सरकारी कागदांवर आपल्या राज्याने आईचं नाव वडिलांच्या आधी आणलं, तेव्हा मधलं नाव म्हणजे बापाचंच, हे काही दगडावर कोरलेलं नाही.

क्रियापदं तर माणसाला उघडंच पाडतात. 'मी सहभागी होतो', 'मी सहभागी होते' यातलं एक निवडल्याशिवाय मराठी पुढे जाऊ देत नाही. साइटवरची बटणं अशा वाक्यांनी भरलेली असतात आणि बहुतेक पुल्लिंगी. पण वळसा सोपा आहे. 'मला यायचं आहे.' 'मला मदत हवी आहे.' 'मी पासवर्ड विसरलो'ऐवजी 'पासवर्ड आठवत नाही'. 'मी अटी वाचल्या आहेत' याला तर काहीच करायला नको, तिथे क्रियापद अटींमागे जातं. दोन दिवस बसून सगळी साइट अशी चाळा. वाचणाऱ्याला हा बदल जाणवणारही नाही, ज्याला बोचत होतं त्याला मात्र कळेल.

मग ओळखींचे शब्द. वर्तमानपत्रं 'तृतीयपंथी' हा शब्द सगळ्यांवर पांघरतात. एकोणीस वर्षांच्या गे मुलाने 'तृतीयपंथीयांसाठी मदत' वाचलं की हे आपल्यासाठी नाही, असं समजून तो पुढे जातो. ट्रान्स पुरुषाचंही तेच. 'समलैंगिक' हे हिंदीतून आलेलं रूप, मराठीत 'समलिंगी'. भाषांतराच्या यंत्राने केलेला मजकूर असला की तो या एका शब्दावरून ओळखू येतो. सगळ्यात गमतीचा 'उभयलिंगी'. बायसेक्शुअलसाठी कोशात हाच शब्द मिळतो, पण शाळेत शिकलेल्या प्रत्येकाला त्यावरून गांडूळ आठवतं. तिथे सरळ लिहा: 'ज्यांना स्त्री आणि पुरुष दोघांबद्दल आकर्षण वाटतं'. 'पारलिंगी' हा शब्द वापरा, पण शेजारी 'ट्रान्स' असू द्या, पोरं तोच शोधतात. 'हिजडा' हा शब्द शिवी म्हणूनही ऐकू येतो आणि त्या समाजातली माणसं स्वतःसाठी अभिमानानेही वापरतात. तो कुठे आणि कसा छापायचा हे त्यांनाच विचारून ठरवा. जुन्या अहवालांत 'विकृती', 'नपुंसक' असले शब्द कुठे पीडीएफमध्ये दडलेत का, तेही शोधा. एका संस्थेच्या २००९ च्या अहवालात मला एक सापडला होता. नवं धोरण पहिल्या पानावर, आणि तिसऱ्या क्लिकवर हे!

लोकांना भेटणं आता. सहा ते आठ सविस्तर गप्पा पुरतात, साठ नकोत. पोहोचायचं कसं? नागपूरचा सारथी ट्रस्ट या क्षेत्रात बऱ्याच वर्षांपासून आहे, तिथून सुरुवात करा. जिल्हा रुग्णालयातल्या एचआयव्ही तपासणी केंद्राचे समुपदेशक आणि एड्स नियंत्रणाच्या प्रकल्पांतले क्षेत्र कार्यकर्तेही माणसं जोडून देतात. पण लक्षात ठेवा, या वाटेने तुम्हाला पुरुष आणि ट्रान्स स्त्रियाच भेटतील, कारण ते प्रकल्पच त्यांच्यासाठी आखलेले. लेस्बियन मुली आणि ट्रान्स पुरुष तिथे येत नाहीत. ते भेटतात शिक्षणासाठी, नोकरीसाठी नागपूर-पुण्याला गेलेल्यांत. त्यांच्याशी फोनवर बोला, त्यांनी सांगितलेल्या वेळी. गाव सोडलेला माणूस गावाबद्दल जास्त मोकळं बोलतो, हा माझा अनुभव.

प्रत्यक्ष भेटायचं तर तालुक्याला, बाजाराच्या दिवशी. त्या दिवशी कोणी कुठे गेलं याचा जाब घरचे विचारत नाहीत. येण्याजाण्याचं भाडं आणि बुडालेली मजुरी द्या, तीही आधी सांगून. 'तुम्हाला स्वतःबद्दल कधी कळलं?' हा प्रश्न विचारू नका. तुमच्या साइटला त्याचा काही उपयोग नाही, आणि ते उत्तर ऐकायचा हक्क आपण कमावलेला नसतो. मी विचारते ते असं: शेवटची मदत शोधली तेव्हा फोन कोणाचा होता? काय टाइप केलं? कुठल्या पानावर बंद करून टाकलं? मग त्यांच्या हातात आपली साइट द्यायची आणि म्हणायचं, इथून फोन नंबर शोधून दाखवा. आणि गप्प बसायचं. बोटं कुठे अडतात ते बघायचं. एकदा एका मुलाने सगळी साइट फिरून, मदतीचं पान सोडून, आधी 'आमची टीम' उघडली. का, विचारलं. म्हणाला, 'आमच्या गावचं कोणी आहे का पाहून रायलो.' त्यानंतर मी 'तुमच्या ओळखीचं कोणी फोनवर असेल तर दुसऱ्याशी बोलायची सोय आहे' ही ओळ नंबरच्या वर टाकायला लागले, आणि तशी सोय खरोखर आहे याची आधी खात्री करायला लागले.

कारण साइट वचन देते, पाळायचं असतं फोनवरच्या माणसाला. समुपदेशनाचा फोन तुमच्याकडे कोण उचलतं? दुपारी जेवणाच्या सुट्टीत कोण? कर्मचाऱ्यांना आधी सांगून, फसवून नाही, महिनाभरात तीन सरावाचे फोन करा. एक आई म्हणते, पोरगा बायकी वागतो, लग्न लावून दिलं तर सुधारेल का? एक मुलगी म्हणते, मैत्रिणीशिवाय करमत नाही आणि घरी पाव्हणे येऊन रायले. एक माणूस विचारतो, वाचनालयात हिजड्यांना येऊ देता का? पहिल्या अर्ध्या मिनिटात काय बोललं जातं ते लिहून काढा. आवाजावरून 'बोला दादा', 'बोला ताई' म्हणायची आपल्याला सवय असते आणि तिथेच पहिली ठेच लागते. इथे आपली बोली कामाला येते. विदर्भातल्या 'जी'ला लिंग नाही. 'बोला जी', 'हो जी', 'सांगा जी'. मी प्रशिक्षणात एवढंच घोकून घेते, आणि कोणालाही ते परकं वाटत नाही.

आईच्या प्रश्नाला ठाम उत्तर साइटवरही हवं, कारण आईबाप तुमच्या पानाचे सगळ्यात मोठे वाचक ठरतील. समलिंगी असणं हा आजार नाही, लग्न हा त्यावरचा उपाय नाही आणि त्या लग्नात दोन जीव अडकतात, असं स्पष्ट लिहा. 'बाहेरची बाधा' म्हणून कोणी बाबाकडे नेऊन मारझोड करत असेल तर महाराष्ट्राचा २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा लागू होतो, हेही. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम १८ नुसार लैंगिक कल वेगळा आहे म्हणून उपचारात भेदभाव करता येत नाही. रात्री-बेरात्रीसाठी टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत नंबर द्या, पण फोनच्या यादीत तो दिसतो, हे सांगायला विसरू नका.

कायद्याचं पान लहान ठेवा. चार-पाच गोष्टी पुरतात. १५ एप्रिल २०१४ च्या नालसा (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण) निकालात सर्वोच्च न्यायालयाने तृतीयपंथीयांची ओळख मान्य केली. ६ सप्टेंबर २०१८ ला सज्ञान व्यक्तींचे संमतीने असलेले समलिंगी संबंध कलम ३७७ मधून, म्हणजे ते गुन्हा ठरवणाऱ्या जुन्या दंड संहितेच्या कलमातून, बाहेर काढले. पुष्कळ साइटी त्याच दिवशी '३७७ रद्द झालं' असं लिहितात, ते चूक. उरलेलं कलम गेलं ते १ जुलै २०२४ ला, भारतीय न्याय संहिता आली तेव्हा, कारण तिच्यात ते घेतलंच नाही. १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात समलिंगी विवाहाला मान्यता मिळाली नाही, हेही लपवू नका, नाहीतर कोणी जोडपं तुमच्या भरवशावर नोंदणी कार्यालयात जाऊन अपमान पदरात घेईल. ट्रान्स व्यक्तींसाठी २०१९ चा कायदा आहे. त्यातल्या ओळख प्रमाणपत्राची पद्धत मात्र स्वतःच्या शब्दांत लिहू नका. सरकारी पोर्टलचा दुवा द्या आणि खाली 'हे पान शेवटचं कधी तपासलं' ती तारीख. नियम बदलतात, लहान संस्थांची पानं वर्षानुवर्षं तशीच राहतात.

अठरा वर्षांखालच्यांचं वेगळं. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा मुलांची माहिती घ्यायला पालकांची संमती मागतो. म्हणजे मुलाने ज्यांच्यापासून लपवलं त्यांनाच विचारायचं. त्यामुळे किशोरांच्या पानावर फॉर्म ठेवूच नका. नुसती वाचायची माहिती आणि फोन नंबर. लैंगिक अत्याचाराची गोष्ट कानावर आली तर पॉक्सो, म्हणजे बालकांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याखाली ती कळवावीच लागते, हेही पोरांना आधीच सांगून टाका.

चित्रांबद्दल एकच. मुंबईच्या मोर्च्यातले फोटो नकोत, आणि आपल्या माणसांचेही नकोत. चेहरा धूसर केला तरी गावात लोक मोटारसायकलवरून, भिंतीच्या रंगावरून माणूस ओळखतात. जवळच्या चित्रकला महाविद्यालयातल्या एखाद्या पोरीकडून रेखाचित्रं काढून घ्या, एसटी स्टँडचा बाक, कपाशीची वेचणी, वाचनालयाची पायरी.

या सगळ्याला तीन-चार महिने लागतील आणि त्यात साइटचा एक रंगही बदललेला दिसणार नाही. विश्वस्त विचारतील, एवढे दिवस काय करून राहिले? माहितीच्या वाटेचा तो कागद त्यांच्यापुढे ठेवा. तो झाला की मलाही पाठवा, नावं काढून. पोळ्यानंतर मी आठवडाभर यवतमाळकडेच आहे, फोनवरच्या तुमच्या माणसांसोबत एक दिवस बसू.